श्रावकाचे स्वसंरक्षण : सावधानता, सराव आणि साधने

रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. शेवटचे गिऱ्हाईक निघून जाते, गल्ला मोजला जातो, दिवे मालवतात आणि शटर खाली येते. दिवसभराची रोकड कापडी पिशवीत घालून दुकानदार दुचाकीच्या डिकीकडे वळतो. तीच वेळ, तोच रस्ता, तीच पिशवी. वर्षानुवर्षे त्यात बदल होत नाही. ‘डोळ्यांत मिरचीपूड टाकून व्यापाऱ्यास लुटले’ ही बातमी वृत्तपत्रांत वारंवार दिसते. तीत वर्णन असते ते याच दहा मिनिटांचे.

दुसरे दृश्य पहाटेनंतरचे. हातात द्रव्याची डबी घेऊन एक वृद्ध माता मंदिराकडे निघालेली असते. दोन नीटनेटके तरुण तिला थांबवतात आणि आपण पोलीस असल्याचे सांगतात. पुढे चोरी झाली आहे, अंगावरचे दागिने काढून रुमालात बांधून ठेवा, अशी आपुलकीची सूचना करतात आणि गाठ बांधायला मदतही करतात. घरी येऊन गाठ सोडली की आत खडे निघतात.

तिसरे दृश्य सायंकाळचे. शिकवणी आटोपून परतणाऱ्या मुलीच्या मागे कोणीतरी चार दिवसांपासून येत असते. घरी सांगितले तर शिकवणीच बंद होईल, या भीतीने ती गप्प राहते.

या तिन्ही प्रसंगांत कमरेला शस्त्र असते तर काय झाले असते? फारसा फरक पडला नसता. पहिल्या प्रसंगात वेळ आणि वाट बदलणे उपयोगी पडले असते, दुसऱ्यात माहिती आणि तिसऱ्यात घरातील मोकळे बोलणे. स्वसंरक्षण म्हटले की प्रथम डोळ्यांपुढे येते ते एखादे साधन. वास्तविक क्रम उलटा आहे. आधी सावधानता, मग सराव आणि सर्वांत शेवटी साधन.

अहिंसेला बाध येतो का?

जैन घरांत हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि तो टाळण्याजोगा नाही. श्रावकाचाराच्या विवेचनात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले जातात. हेतुपुरस्सर केलेली संकल्पी हिंसा श्रावकास पूर्णतः त्याज्य आहे. स्वयंपाक, घरकाम, शेती आणि व्यवसाय यांत होणारी हिंसा गृहस्थाला सर्वथा टाळता येत नाही. ती यत्नपूर्वक कमी करावयाची असते. आक्रमकापासून स्वतःचे, आश्रितांचे व धर्मायतनांचे रक्षण करताना घडणारी ती विरोधी हिंसा. ती गृहस्थाला क्षम्य मानली गेली, पण तो परवाना नव्हे. नाइलाज झाला तरच, आणि गरजेपुरतेच, ही तिची अट आहे.

या विवेचनाला दुसरी बाजूही आहे. अनर्थदंडविरती या गुणव्रतात ‘हिंसादान’ हा दोष सांगितला आहे. कुऱ्हाड, तलवार, आयुधे अशी हिंसेची उपकरणे विनाप्रयोजन दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे हिंसादान. तरुण मुलाच्या वाढदिवसाला हौसेने चाकू भेट देणाऱ्या काकांनी याचा विचार अवश्य करावा.

कायद्याची मर्यादा

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या ३४ ते ४४ या कलमांत खासगी बचावाचा हक्क मांडलेला आहे. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराचा, तसेच मालमत्तेचा बचाव करण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. मात्र ३७ व्या कलमाने त्याला कुंपण घातले आहे. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते, आणि पोलिसांकडे धाव घेण्यास अवसर असेल तेथे हा हक्क राहत नाही. दुकानात शिरलेल्या चोराचा हात पिरगाळणे हा बचाव होय. त्याला पकडून, बांधून, नंतर चौकात बडवणे हा गुन्हा होय. धर्माची आणि कायद्याची रेषा येथे एकाच ठिकाणी येते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली सण, निवडणूक किंवा आंदोलनाच्या काळात मनाईचे आदेश निघतात. त्या काळात चाकू, लाठी, काठी यांसारख्या वस्तू सार्वजनिक ठिकाणी बाळगणे हाच गुन्हा ठरतो.

प्रशिक्षण कसे निवडावे

उन्हाळ्याच्या सुट्टीत ठिकठिकाणी एकदिवसीय शिबिरे भरतात. मुली उत्साहाने मुठी आवळतात, छायाचित्रे निघतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. महिन्याभरात शिकलेले बहुतेक सारे विसरले जाते. भीतीच्या क्षणी छातीचे ठोके वाढतात, बोटांची नाजूक हालचाल बिघडते, पुष्कळदा माणूस जागीच थिजतो. अशा वेळी अवघड डाव आठवत नाहीत. शेकडो वेळा घोटलेल्या दोनतीन साध्या हालचाली तेवढ्या आठवतात.

म्हणून वर्ग निवडताना काही प्रश्न विचारावेत. आवाजाचा सराव करून घेतात का? ‘मागे सरका!’ हे शब्द पोटातून, खणखणीत उच्चारणे हा पहिला डाव आहे आणि सभ्य घरांतील मुलींना तोच सर्वांत जड जातो. अंतर राखणे शिकवतात का? अनोळखी माणूस दोन हातांच्या आत येऊ न देणे ही अर्धी लढाई आहे. मनगट धरले तर पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या दिशेने हात झटकावा, कारण पकड तेथेच कच्ची असते. हे निव्वळ सांगतात की जोडीदाराला खरा जोर लावायला सांगून करून घेतात? पडावे कसे आणि पडल्यावर झटकन उठावे कसे, हे शिकवतात का? आणि प्रत्येक डावाचा शेवट ‘आता पळा’ या सूचनेने होतो का? यांपैकी निम्म्याहून अधिक उत्तरे नकारार्थी आली तर दुसरा वर्ग शोधावा.

कराटे, ज्युदो, कुस्ती या विद्या उत्तमच आहेत. त्यांनी शरीर कणखर होते आणि मार खाण्याची भीती जाते. पण आखाड्यात पंच असतो, नियम असतात आणि प्रतिस्पर्धी एकच असतो. गल्लीत यांपैकी कशाचीही खात्री नसते.

या विषयावरचा एक अभ्यास पालकांनी आवर्जून लक्षात घ्यावा. कॅनडातील तीन विद्यापीठांतील सुमारे ९०० प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनींवर झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला १२ तासांचे प्रशिक्षण दिले, दुसऱ्या गटाला माहितीपत्रके. वर्षभरात बलात्काराचे प्रमाण दुसऱ्या गटात ९.८ टक्के होते, तर प्रशिक्षित गटात ५.२ टक्के. त्या १२ तासांत प्रत्यक्ष डावपेचांना थोडाच वेळ होता. उरलेला वेळ धोका ओळखणे, ओळखीच्या माणसालाही ठामपणे नाही म्हणणे आणि स्वतःची इच्छा स्पष्ट जाणणे यांसाठी होता. आपल्याकडील गुन्ह्यांच्या नोंदीही असेच सुचवतात. बलात्काराच्या दहांपैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. काळोख्या गल्लीची भीती घालणाऱ्या घरांनी दिवाणखान्यातील पाहुण्याबद्दलही मुलीला बोलू द्यावे, हा त्याचा अर्थ.

जवळ काय बाळगावे

साधन निवडताना चार कसोट्या लावाव्यात. ते कायदेशीर आहे का, ते दोन सेकंदांत हाती येते का, त्याचा सराव झाला आहे का, आणि ते हिसकावले गेले तर आपल्यावरच उलटेल का.

या कसोट्यांवर भ्रमणध्वनी पहिला येतो. ११२ हा आपत्कालीन क्रमांक सर्वांना तोंडपाठ असावा. बहुतेक स्मार्टफोनवर चालू-बंद करण्याची कळ भराभर दाबून, तर साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरून मदत मागण्याची सोय असते. आपल्या फोनवर ती कशी चालते, हे आजच पाहून ठेवावे. वेळ आल्यावर शोधू नये.

दुसरी शिट्टी. ती स्वस्त असते, तिला बॅटरी लागत नाही आणि विमानातही ती कोणी अडवत नाही. पर्सच्या पट्ट्याला किंवा किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेली असेल तरच ती कामाची. पिन ओढताच कर्कश वाजणारा छोटा गजरही ज्येष्ठांना सोयीचा पडतो.

तिसरी मुठीत मावणारी, एका बटणावर पेटणारी प्रखर विजेरी. तिने जिन्याचा अंधारा कोपरा आधीच दिसतो, आणि डोळ्यांवर झोत पडला की समोरचा क्षणभर दिपतो. तेवढा क्षण निसटण्यास पुरतो.

चौथा मिरचीचा फवारा, म्हणजे पेपर स्प्रे. तो बाळगण्यास परवाना लागत नाही. त्यातील मिरचीच्या अर्काने डोळे आपोआप मिटतात आणि श्वास कोंडल्यासारखे वाटते. कायमची इजा सहसा होत नाही. मात्र त्याच्या मर्यादा जाणून घ्याव्यात. त्याचा पल्ला दोनतीन मीटरचा असतो. वारा समोरून असेल तर फवारा आपल्याच तोंडावर येतो. लिफ्ट किंवा बंद मोटारीत तो दोघांनाही बाधतो, आणि दमेकऱ्याला तर तो धोक्याचाच. डबीवरील मुदत संपली की आतील दाब कमी होतो. नवी डबी आणल्यावर मोकळ्या मैदानात एकदा फवारून पाहावे, उन्हात तापणाऱ्या मोटारीत ती ठेवू नये आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. विमानाच्या केबिनमध्ये ती नेता येत नाही. चुकून डोळ्यांत गेल्यास न चोळता भरपूर थंड पाण्याने धुवावे. शिवाय परवाना लागत नाही म्हणून तो कोठेही वापरता येतो, असे मुळीच नाही. दुकानातील बाचाबाचीत किंवा पार्किंगच्या भांडणात तो मारणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो.

चाकू चारपैकी बहुतेक कसोट्यांवर नापास होतो. तो हिसकावला जातो, किरकोळ लुटीचे रूपांतर खुनात करतो आणि न्यायालयात बचावापेक्षा हेतूची साक्ष देतो. बोटांमध्ये किल्ल्या धरून ठोसा मारण्याचा सल्लाही फसवा आहे; त्यात स्वतःचीच बोटे फाटतात. सराफ मंडळींत कोणी पिस्तुलाचा परवाना काढतात. घरात लहान मुले आणि दुकानात तापट माणूस असेल तर त्या पिस्तुलाचा धोका दरोडेखोरापेक्षा घरालाच अधिक.

पेढीची शिस्त

व्यापाऱ्याचे खरे संरक्षण हिशेबाच्या वहीपासून सुरू होते. २ लाख रुपये वा अधिक रक्कम एका व्यवहारात रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. यूपीआयमुळे लहान रकमाही खात्यात जमा होतात. उरलेली रोकड दुपारीच बँकेत भरावी, रात्रीसाठी ठेवू नये. भरण्याची वेळ आणि वाट बदलत राहावी, आणि रकमेचा उच्चार नोकरांसमोर वा फोनवर करू नये. रोकड नेताना होणाऱ्या लुटीसाठी विमा मिळतो, पण त्याच्या अटी आणि रकमेची मर्यादा वाचून घ्यावी. रोजची रोकडवही अद्ययावत नसेल तर दावा टिकत नाही.

दागिने काढून ठेवा असे खरा पोलीस रस्त्यात कधीच सांगत नाही, हे वाक्य प्रत्येक घरातील आजीला पाठ करून द्यावे. असे कोणी सांगितल्यास तिने सरळ जवळच्या दुकानात शिरावे. मुलांसाठी घरात एक गुप्त शब्द ठरवावा. ‘बाबांनी पाठवले आहे’ असे म्हणणाऱ्याला तो सांगता आला नाही तर मुलाने त्याच्यासोबत जाऊ नये.

आणि एक निर्णय प्रत्येक व्यापारी कुटुंबाने आजच, शांतपणे, एकत्र बसून घ्यावा. पिस्तूल किंवा कोयता दाखवून पिशवी मागितली तर पिशवी द्यायची. पिढ्यान्‌पिढ्या पै-पै जपण्याचा संस्कार झालेला हात त्या क्षणी पिशवीला नकळत आवळून धरतो, आणि पुष्कळ जीव केवळ त्या आवळलेल्या मुठीमुळे गेले आहेत. परिग्रहासाठी प्राण पणाला लावणे हा शौर्याचा भाग नव्हे. गल्ल्यातील तूट पुढच्या सहामाहीत भरून निघते. घरातील कर्त्या माणसाची कशानेच भरून निघत नाही. निर्णय आधी झालेला असेल तरच मूठ वेळेवर सुटते. पिशवी दिल्यावरही जिवावर हल्ला झाला, तर त्या वेळी मात्र शिकलेले सर्व काही संपूर्ण बळाने वापरावे आणि निसटावे.

भरत-बाहुबलींची कथा समाजातील प्रत्येक बालकाला ठाऊक आहे. सैन्यांचा संहार टळावा म्हणून दोघा भावांतच द्वंद्व ठरले. मल्लयुद्धात बाहुबलींनी भरतांना वर उचलले, पण जमिनीवर न आपटता सन्मानाने खाली ठेवले, असे दिगंबर परंपरा सांगते. श्वेतांबर परंपरेत प्रहारासाठी उगारलेली मूठ त्यांनी वरच थांबवली आणि तिनेच केशलोच केला. बाहुबली दुर्बल नव्हते. हातात बळ होते, म्हणूनच तो हात थांबू शकला. घरातील मुलामुलींना हे बळ द्यावे, आणि ते कोठे थांबवावे याचे भानही त्याच हाताने द्यावे.