सावलीला स्वतःचे अस्तित्व असते काय?

जे. आर. आर. टॉलकिन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही महाकादंबरी १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत तीन खंडांत प्रसिद्ध झाली. पीटर जॅक्सन यांनी २००१ ते २००३ या काळात तिच्यावर काढलेल्या तीन चित्रपटांमुळे ती आपल्याकडेही घरोघरी पोहोचली. चित्रपट पाहणाऱ्याच्या मनावर ठसतो तो मनोऱ्यावरचा धगधगता डोळा, काळे नऊ स्वार आणि ऑर्क नावाच्या विद्रूप सैनिकांच्या झुंडी. एका बाजूला सारे चांगले आणि दुसऱ्या बाजूला सारे वाईट अशी ही सरधोपट लढाई आहे, असा समज त्यातून होणे स्वाभाविक आहे. टॉलकिन यांच्या हयातीतही हा आक्षेप घेतला गेला होता. प्रत्यक्षात मात्र या कथाविश्वातील दुष्टतेमागे एक बांधेसूद तत्त्वविचार आहे आणि त्याच विचाराने खुद्द लेखकाला अखेरपर्यंत पेचात टाकले होते.

निर्मितीचा अधिकार नाही

या विश्वाचा आरंभ 'द सिल्मरिलियन' या ग्रंथात येतो. टॉलकिन यांच्या १९७३ मधील निधनानंतर त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी तो संपादित करून १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. इलूवातार हा एकमेव ईश्वर प्रथम काही दिव्य जीव निर्माण करतो आणि त्यांच्या समूहगायनातून विश्वाची रूपरेषा साकारते. या जीवांत सर्वाधिक सामर्थ्यवान असतो मेल्कोर. त्याला स्वतःचे असे काही घडवायचे असते. त्यासाठी निर्मितीच्या अविनाशी अग्नीचा शोध घेत तो पोकळीत एकटाच भटकतो. पण तो अग्नी ईश्वरापाशी असतो, पोकळीत नव्हे. हाती काहीच न लागलेला मेल्कोर मग गायनात आपला बेसूर मिसळतो. हाच पुढे मॉर्गोथ, म्हणजे जगाचा काळा शत्रू, या नावाने ओळखला जातो.

येथे या कथाविश्वाचा मूलभूत नियम दिसतो. दुष्टशक्तीला नवे काही निर्माण करता येत नाही. जे आहे ते वाकवणे, विटाळणे किंवा त्याची विडंबना करणे एवढेच तिला शक्य असते. हा नियम केवळ दुष्टांनाच लागू आहे असे नाही. आउले हा सत्प्रवृत्त देवही उतावीळपणे ड्वार्फ जमातीचे पूर्वज घडवतो, परंतु त्यांना स्वतंत्र प्राण देणे त्याला जमत नाही. चूक उमगताच तो साश्रू नयनांनी त्यांच्यावर हातोडा उगारतो आणि त्याची नम्रता पाहून ईश्वर त्या जमातीला जीवन देतो. निर्मितीची ओढ दोघांनाही आहे. फरक आहे तो मालकी सोडण्याच्या तयारीत.

हा विचार टॉलकिन यांना परंपरेने लाभला होता. ते श्रद्धावान कॅथलिक होते आणि १९२५ पासून ऑक्सफर्डमध्ये प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक होते. दुष्टता ही स्वतंत्र वस्तू नसून चांगुलपणाचा अभाव आहे, हे मत संत ऑगस्टीन यांनी मांडले. सहाव्या शतकात कारागृहात देहदंडाची वाट पाहणाऱ्या बोएथियस या रोमन विद्वानाने आपल्या ग्रंथात तेच प्रतिपादिले. राजा आल्फ्रेड याच्या नावाने ओळखला जाणारा या ग्रंथाचा प्राचीन इंग्रजी अनुवाद टॉलकिन यांच्या अभ्यासविषयातच मोडणारा होता. निखळ दुष्टता असे काही नसतेच, कारण तसे असणे म्हणजे शून्य असणे, असे त्यांनी स्वतःही लिहून ठेवले आहे. त्यांच्या कथेतील अंगोलिअँट या महाकाय कोळिणीकडे पाहिले की याची प्रचीती येते. ती प्रकाश पिते आणि त्यातून अंधार विणते. तिची भूक कधीच भागत नाही. अखेरीस तिने स्वतःलाच गिळले, अशी तिच्याबद्दल वदंता आहे.

अभाव की सामर्थ्य?

मात्र दुष्टता म्हणजे केवळ अभाव, एवढ्यावर थांबणे १९१६ मध्ये सोमच्या रणभूमीवर खंदकांत राहिलेल्या माणसाला शक्य नव्हते. १९१८ पर्यंत टॉलकिन यांचे एक सोडून सर्व जिवलग मित्र मृत्यू पावले होते. ज्याच्यावर तोफा डागल्या जातात, त्याला दुष्टता हे बाहेरून चालून येणारे सामर्थ्यच वाटते. टॉलकिन यांचे अभ्यासक टॉम शिपी यांनी दाखवून दिले आहे की, ही दोन्ही मते कादंबरीत शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांच्यातील ताण अंगठीत एकवटतो. फ्रोडोचा हात अंगठीकडे जातो तेव्हा ती त्याच्याच मनातील दुबळेपणा जागा करते, की सौरॉनची इच्छाशक्ती त्याला दुरून ओढून घेते? लेखक याचे उत्तर देत नाही. मोहाच्या क्षणी आपल्यापैकी कोणाला तरी ते सांगता येते काय?

सुव्यवस्थेची हाव

मॉर्गोथ आणि त्याचा सेवक सौरॉन यांच्यातील भेदही लक्षात घेण्याजोगा आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मॉर्गोथ्स रिंग' या खंडातील टिपणांत टॉलकिन यांनी त्याची चर्चा केली आहे. मॉर्गोथने आपले सामर्थ्य साऱ्या जगाच्या द्रव्यात मिसळून टाकले. सौरॉनने अंगठीत आपली शक्ती एकवटली, तर मॉर्गोथच्या दृष्टीने अवघी पृथ्वीच त्याची अंगठी होती. जे आपले नाही ते अस्तित्वातच असू नये, हा त्याचा अंतिम हेतू होता.

सौरॉनचे तसे नव्हते. मुळात तो आउलेचा शिष्य होता. त्याला सुव्यवस्था आवडे. गोंधळ आणि नासाडी यांचा तिटकारा असे. एकाच योजनेनुसार सारे जग नीट चालावे, असे त्याला वाटे. मात्र त्या योजनेच्या आड येणारी इतरांची इच्छा त्याला सहन होईनाशी झाली. मॉर्गोथच्या पराभवानंतर तो पश्चात्तापाच्या उंबरठ्यापर्यंत आला होता, परंतु न्यायासाठी मान तुकवणे त्याच्या अभिमानाला मानवले नाही. पुढे तो एल्फ जमातीकडे गेला तो राक्षसाच्या रूपात नव्हे, तर देखण्या, ज्ञानी 'देणग्यांच्या स्वामी'च्या रूपात. अंगठ्या घडविण्याची विद्या त्याने त्यांना याच वेशात शिकवली.

म्हणूनच गॅन्डाल्फ आणि गॅलाड्रिएल यांनी अंगठी नाकारणे हे कादंबरीतील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग ठरतात. अंगठीचा उपयोग आपण भल्यासाठीच करू, हे त्यांना ठाऊक आहे आणि त्यांना भीती वाटते ती नेमकी याचीच. दुसऱ्या महायुद्धाचे हे रूपक आहे, हे म्हणणे टॉलकिन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत खोडून काढले. प्रत्यक्ष युद्धाप्रमाणे कथा घडली असती, तर अंगठी नष्ट न करता ती सौरॉनविरुद्ध वापरली गेली असती, असे त्यांनी त्यात बजावले.

झिजत गेलेली माणसे

नऊ काळे स्वार हे एकेकाळचे मानवी राजे आणि योद्धे. सौरॉनने दिलेल्या अंगठ्यांनी त्यांना वैभव आणि दीर्घायुष्य दिले. हळूहळू त्यांचे शरीर विरत गेले, इच्छा संपली आणि उरली ती केवळ मालकाची आज्ञा. त्यांनी एका रात्रीत दुष्टतेची निवड केली नव्हती. दररोज थोडे थोडे करून ते स्वतःला गमावून बसले. गॉलमचेही तसेच. वाढदिवसाची भेट म्हणून अंगठी मागणाऱ्या स्मीगलने मित्राचा गळा दाबला, तरी शेकडो वर्षांनंतरही त्याच्या अंतरंगाचा एक कोपरा उजळ राहिला होता.

न सुटलेला पेच

आता मुख्य प्रश्न ऑर्कांचा. हे नाव टॉलकिन यांनी प्राचीन इंग्रजीतून घेतले. दुष्टशक्तीला निर्मिती करता येत नसेल, तर ऑर्क आले कोठून? 'द सिल्मरिलियन'मधील उत्तर असे की, पकडलेल्या एल्फांचा छळ करून मॉर्गोथने त्यांना भ्रष्ट केले. पण एल्फ अमर आत्म्याचे जीव. मग प्रत्येक ऑर्कातही आत्मा मानावा लागतो. पुढे टॉलकिन यांनी ते भ्रष्ट मानवांचे वंशज असावेत, असा विचार केला. काही ऑर्क केवळ बोलणारे पशू असतील, हीही शक्यता तपासली. कोणत्याच उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही.

कारण येथे प्रश्न वंशावळीचा नाही, न्यायाचा आहे. कथेतील नायक ऑर्कांना नि:शंकपणे मारतात. मात्र त्याच कथेत शॅग्रॅट आणि गॉरबॅग हे दोन ऑर्क वरिष्ठांच्या नावाने कुरकुरतात, युद्ध संपल्यावर विश्वासू साथीदारांसह कोठेतरी दूर निघून जाण्याची स्वप्ने रंगवतात. जखमी सोबत्याला टाकून पळणाऱ्याला ते नावे ठेवतात आणि आपण तसेच केल्याचे आठवून हसतात. म्हणजे बरेवाईट त्यांना कळते. वळत मात्र नाही! २०२४ मध्ये 'द रिंग्ज ऑफ पॉवर' या दूरचित्रवाणी मालिकेत तान्हे मूल असलेले ऑर्क दाखवले गेले, तेव्हा वाद झाला. वस्तुतः ऑर्कांची वंशवृद्धी इतर जमातींप्रमाणेच होते, हे 'द सिल्मरिलियन'मध्येच नमूद आहे.

मराठी वाचकाला येथे पसायदानाची आठवण व्हावी. ज्ञानेश्वरांनी खळांचा संहार मागितला नाही. त्यांच्यातील वाकडेपणा गळून पडावा, एवढेच मागितले. दुष्टता म्हणजे मूळचा स्वभाव नव्हे, तर आलेला वाक, ही समजूत दोन्हीकडे आहे. टॉलकिन यांनी तत्त्व म्हणून ती स्वीकारली, पण युद्धकथेच्या ओघात ऑर्कांच्या वाट्याला मात्र तिचा लाभ येऊ शकला नाही.

फ्रोडोच्या प्रवासाच्या शेवटी मात्र तिचा प्रत्यय येतो. ज्वालामुखीच्या कड्यावर फ्रोडो हरतो. अंगठी फेकण्याऐवजी ती आपली असल्याचे घोषित करतो. ती नष्ट होते, कारण तेथे गॉलम जिवंत असतो आणि तो जिवंत असतो, कारण आधी बिल्बोने, मग फ्रोडोने व शेवटी सॅमनेही हाती सापडलेल्या त्या दुष्टाला दयेपोटी सोडून दिलेले असते. सौरॉनच्या योजनेत प्रत्येक गोष्टीचा हिशेब होता. आपल्या हाती आलेली सत्ता कोणी नष्ट करायला निघेल, हे मात्र त्याला कल्पनेतही सुचले नाही.