रक्ताचा कर्करोग आणि देहरक्षक पेशींचा तोल

व्यापारी बंधूंना तोलाचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. मनुष्याच्या रक्तातही निसर्गाने एक सूक्ष्म तोल राखलेला आहे आणि रक्ताच्या कर्करोगात तोच ढळतो. या रोगाविषयी आपल्या कुटुंबांत भय पुष्कळ, परंतु माहिती अल्प. म्हणून त्याचे स्वरूप येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

रक्तपेशींचे जन्मस्थान म्हणजे हाडांच्या पोकळीतील मगज, अर्थात अस्थिमज्जा. प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी, रक्त गोठण्यास साहाय्य करणाऱ्या प्लेटलेट आणि शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी तेथे तयार होतात. निरोगी प्रौढाच्या एका घनमिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारणतः ४,००० ते ११,००० असतात. त्यांच्यात कामाची वाटणी असते. न्यूट्रोफिल पेशी जंतूंना प्रथम गाठून गिळून टाकतात. लिम्फोसाइट पेशींपैकी ‘बी’ पेशींपासून रोगप्रतिबंधक प्रतिपिंडे निर्माण होतात. ‘टी’ पेशींपैकी काही रोगट पेशींचा नाश करतात, काही इतरांस चेतवितात, तर काही हा लढा वेळीच आवरतात. उत्तेजन आणि आवर यांचा मेळ म्हणजेच प्रतिकारशक्ती.

बर्लिनचे रुडॉल्फ फिर्खो यांनी १८४७ साली या रोगास ‘ल्युकेमिया’, म्हणजे ‘पांढरे रक्त’, असे नाव दिले. काही रोग्यांत पांढऱ्या पेशींची संख्या एक लाखाच्याही वर जाते. मग रक्षक वाढले असता रोगी जंतूंस बळी का पडतो? उत्तर असे की, तीव्र ल्युकेमियात वाढलेल्या पेशी अपक्व असतात. गल्ला भरलेला दिसावा आणि नाणी खोटी निघावीत, तसा हा प्रकार. शिवाय या पेशी मज्जेतील जागा व्यापून खऱ्या पेशींची निर्मिती रोखतात. म्हणून चेहरा फिका पडतो, हिरड्यांतून रक्त येते, अंगावर निळे डाग उठतात आणि ताप वारंवार येतो.

सर्व प्रकारांत बिघाड एकसारखा नसतो. दीर्घकालीन लिम्फोसाइटिक ल्युकेमियात निकामी ‘बी’ पेशी साचतात व उपयुक्त प्रतिपिंडे घटतात. मायलोमात एकाच प्रकारचे निरुपयोगी प्रतिपिंड अतोनात तयार होते आणि बाकीची कमी पडतात. कित्येक रोग्यांत ‘टी’ पेशी सततच्या लढ्याने थकतात, तर आवर घालणाऱ्या पेशी वाढतात. त्यामुळे कर्करोगास मोकळे रान मिळते.

उपचाराची औषधे रोगट पेशींबरोबर चांगल्या पेशीही काही काळ घटवितात. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेले की धोका फार वाढतो. अशा वेळी पू किंवा सूज दिसतेच असे नाही. कित्येकदा ताप हीच एकमेव खूण असते. म्हणून उपचार चालू असलेल्या रोग्यास १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप आल्यास घरची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्रीही त्यास तात्काळ रुग्णालयात न्यावे. पाणी उकळून पिण्याची आपल्या घरांतील जुनी प्रथा येथे हितकारकच आहे. उपवास मात्र डॉक्टरांच्या अनुमतीवाचून करू नये.

ढळलेला तोल सावरण्याचे मार्गही निघाले आहेत. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, जे १९४१ पासून रुग्णसेवा करीत आहे, डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली भारतातील पहिले अस्थिमज्जा-रोपण केले. पुढे मुंबईची आय. आय. टी. आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून ‘नेक्सकार-१९’ हा उपचार सिद्ध केला. त्यात रोग्याच्याच ‘टी’ पेशी काढून, रोगट ‘बी’ पेशी ओळखण्याची शक्ती त्यांस देऊन, त्या पुन्हा शरीरात सोडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास शासकीय मान्यता मिळाली. परदेशी उपचाराच्या मानाने त्याचा खर्च सुमारे एक-दशांश आहे. तथापि तो ‘बी’ पेशींच्या काही कर्करोगांपुरताच, तोही रोग उलटल्यास वा अन्य औषधांस न जुमानल्यास उपयोगी पडतो. आणि त्यात निरोगी ‘बी’ पेशीही नष्ट होत असल्याने पुढेही जंतुसंसर्गापासून जपावे लागते.

पडावाजवळच्या स्थानकावरून पंजाब मेलने मुंबई गाठता येते, हे खरे. परंतु पहिली रक्ततपासणी येथेच, ग्वाल्हेरात होते. फिकेपणा, निळे डाग वा न हटणारा ताप दिसताच ती करून घ्यावी. आणखी एक कार्य आपल्या हाती आहे. दान केलेल्या प्लेटलेट साधारणतः पाच दिवसच टिकतात. त्यांचा साठा करून ठेवता येत नाही. संघाच्या कार्यालयात रक्त व प्लेटलेट देण्यास सिद्ध असलेल्या सभासदांची रक्तगटवार यादी राहिली, तर अडलेल्या कुटुंबास तिचा मोठा आधार होईल. पैसा उद्या उभा करता येतो; रक्त मात्र त्याच दिवशी लागते.