निरोप पोचला का?



कारखाना उसावर, पाण्यावर आणि बगॅसवर चालतो हे आपण जाणतोच. पण तो निरोपांवरही चालतो, हे हंगाम ऐन भरात आला की कळते. गटावरून चिटबॉयला, चिटबॉयकडून मुकादमाला, मुकादमाकडून टोळीला, काट्यावरून गाडीतळाला, एका पाळीकडून दुसऱ्या पाळीला असे निरोप दिवसरात्र धावत असतात. निरोप द्यायला शिकावे लागते असे आम्हांलाही पूर्वी वाटत नव्हते. तोंड आहे, हातात मोबाईल आहे, मग शिकायचे ते काय? मागच्या एका हंगामातल्या प्रकाराने आमचे डोळे उघडले.

रात्री साडेबाराला गटावरून फोन गेला, “उद्या पाटलांचा ऊस घ्या.” टोळीने त्याच पहाटे कोयते लावले. वाहनवाल्याने हिशेब केला की बारा वाजून गेलेत, म्हणजे ‘उद्या’ हा त्यापुढचा दिवस. दोघांपैकी चूक कोणाची म्हणायची? ऊस मात्र तुटून दीड दिवस फडात उन्हात पडला. तुटलेल्या उसातले पाणी आटते, तसे सभासदाचे वजन घटते. आतली साखरही बिघडू लागते. तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते, त्याचा दाणा बनत नाही आणि कारखान्याचा उतारा खाली येतो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे शेतकी खाते घसा कोरडा करून सांगते ते याचसाठी. आणि त्या गावात पाटील किती, हा आणखी वेगळाच प्रश्न!

तेव्हापासून आम्ही ‘उद्या’ सोडून दिले. वार आणि तारीख सांगायची. पाटील, जाधव नव्हे, सभासद नंबर आणि शेताचा गट नंबर सांगायचा. फोनवर ‘सात’ आणि ‘साठ’ सारखेच ऐकू येतात, म्हणून “साठ, सहा-शून्य” असे म्हणायचे. आणि ऐकणाऱ्याने निरोप परत म्हणून दाखवायचा. सुरुवातीला काही जण रागावले, “आम्ही काय शाळेतली पोरं आहोत काय?” पण वैमानिकसुद्धा कंट्रोल टॉवरचा हुकूम परत म्हणून दाखवतो, त्याला कोणी अडाणी म्हणत नाही. व्हॉट्सॲपवर निरोप टाकला आणि समोरून अंगठ्याचे चित्र आले, एवढ्याने तो समजला असे धरू नये. पूर्वी सही न येणारा अंगठा द्यायचा, आता शिकलेलेही अंगठाच देतात!

मिल हाऊसमधली गोष्ट आणखी नाजूक. तिथल्या आवाजात वाक्याचे शेपूट ऐकूच येत नाही आणि आपल्या मराठीत नकार नेमका शेपटाला असतो. “कॅरिअर चालू करू नका” यातले ‘नका’ गेले की राहते ते “चालू करू”. आत माणूस साफसफाईला उतरलेला असला तर काय होईल, हे लिहायला नको. म्हणून “बंद ठेवा” म्हणावे. शिवाय स्विचवर पाटी लावावी आणि पाटी ज्याने लावली त्यानेच ती काढावी.

पाळी बदलताना राहिलेला निरोप किती महाग पडतो, याचे एक उदाहरण साखरधंद्याच्या बाहेरचे आहे, पण आपल्याला लागू पडते. ब्रिटनच्या उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाचा तेल व वायू काढणारा तराफा होता. ६ जुलै १९८८ रोजी दिवसपाळीने तिथल्या एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला. काम संध्याकाळपर्यंत पुरे झाले नाही, म्हणून उघड्या तोंडावर नुसते झाकण बसवले. व्हॉल्व्ह जागेवर नाही, ही गोष्ट रात्रपाळीला कळलीच नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी हा पंप चालू करायला घेतला. वायू गळला, स्फोट झाला, आग लागली आणि १६७ माणसे गेली. १९९० साली चौकशीचा अहवाल आला. त्यात कामाच्या परवान्याच्या आणि पाळी बदलतानाच्या पद्धतीतील उणिवांवर बोट ठेवलेले आहे. त्या कामाची कागदपत्रे होती, पण योग्य माणसापर्यंत पोचली नाहीत.

आता थोडे ऑफिसातल्या मंडळींविषयी. सभासद बिलाची चौकशी करायला येतो. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, हे त्याला ठाऊक असते. त्याला “होईल की” किंवा “ते आमच्याकडे नाही” असे सांगणे म्हणजे उत्तर नव्हे. बिल कोणत्या पंधरवड्याचे, कागद कोणाच्या टेबलावर आहे, कोणत्या तारखेला यायचे, एवढे सांगितले तर माणूस तक्रार असूनही शांतपणे घरी जातो. पैसे लांबणार असतील तर तेही तोंडावर सांगावे. आणि “बसा काका” म्हणायला खर्च येत नाही. सभासदांनीही खिडकीवरच्या पोराला शिव्या देऊ नयेत, ती बिले काही तो अडवत नाही.

ऊसतोड टोळीशी बोलताना मुकादमाला सांगितले म्हणजे सगळ्यांना कळले, असे होत नाही. कोयता चालवणाऱ्या बायाबापड्यांनाही कोणता फड, कधी, हे थेट सांगावे. काही टोळ्यांत आपसात गोरमाटी बोलतात, तिथे जरा सावकाश बोलावे.

यंदा प्रत्येक खात्यात पाळीची वही ठेवली आहे. काय चालू, काय बंद, काय अर्धवट, हे लिहून देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची अशा दोन सह्या करायच्या आहेत. मिल हाऊसची वही दारामागच्या खिळ्याला टांगलेली आहे. पेन मात्र ज्याने त्याने आपले आणावे. पहिल्याच आठवड्यात तीन गेली.