स्कॅन केले म्हणजे जपले, हा गैरसमज

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधासाठी मराठवाड्यातली जुनी दप्तरे उघडली गेली. उमरखेडहून हा मुलूख पैनगंगा ओलांडली की लागतो आणि सोयरिकी तर नदीच्या दोन्ही तीरांवर आहेत, त्यामुळे इथल्या माणसालाही हा शोध परका नव्हता. निजामकाळातले मोडी आणि उर्दू कागद वाचणारे जाणकार मुद्दाम शोधावे लागले, पण कागद जागेवर होते. कोणी फारशी काळजी न घेताही बरेचसे वाचण्याजोगे उरले होते. पुढे अशा कागदांचे स्कॅनिंग सुरू झाले, तेव्हा ‘आता हे कायमचे सुरक्षित झाले’ असे सर्रास बोलले जाऊ लागले. ही समजूत चुकीची आहे. कागद दुर्लक्ष बराच काळ सोसतो, संगणकातली फाइल सोसत नाही. स्कॅन केल्याने शोधणे आणि वाटणे सोपे होते, पण जपण्याची जबाबदारी त्या दिवसापासून नव्याने सुरू होते. घरातले खरेदीखताचे कागद असोत, एखाद्या संस्थानातल्या पोथ्या असोत की शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, मूळ कागद स्कॅननंतर रद्दीत जाता कामा नये, हे म्हणूनच आधी सांगायला हवे.

सर्वांत पसरलेला गैरसमज पेन ड्राइव्हबद्दलचा आहे. त्यात फिरणारा भाग नाही, मग तो बिघडेल कसा, असे वाटते. वस्तुस्थिती अशी की पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी यांत माहिती सूक्ष्म कप्प्यांत अडकवून ठेवलेल्या विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार हळूहळू गळत जातो. उष्णतेत गळती वाढते. जेडेक या उद्योगाच्या मानकसंस्थेची घरगुती एसएसडीसाठीची अट पाहावी: लिहिण्याची पूर्ण क्षमता वापरून झाल्यावर, वीज न देता, ३० अंश तापमानात माहिती १ वर्ष टिकली पाहिजे. नवी, कमी वापरलेली एसएसडी याहून बरीच जास्त टिकते हे खरे, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याखालच्या खोलीतले कपाट त्याहून तापते. ‘माझा दहा वर्षांपूर्वीचा पेन ड्राइव्ह अजून चालतो’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. चालत असेलही. पण बंद पडलेले ड्राइव्ह फेकून दिले जातात, म्हणून दाखवायला फक्त चाललेलेच उरतात. शिवाय आत कोणत्या प्रतीची चिप आहे, हे बाजारातल्या बहुतेक पेन ड्राइव्हवर छापलेलेही नसते. फाइल एका दुकानातून दुसऱ्या दुकानात न्यायला तो उत्तम आहे, वीस वर्षे ठेवायला नाही.

लग्नाच्या सीडीही अनेक कपाटांत याच भरवशावर पडून आहेत. लिहिता येणाऱ्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो ऊन, उष्णता आणि दमटपणाने बिघडतो. सीडी हाताळताना लोक खालच्या चकचकीत बाजूला जपतात, पण माहितीचा थर लेबलच्या बाजूला, वार्निशच्या पातळ आवरणाखाली असतो. त्यामुळे वरून बॉलपेनने नाव लिहिणे किंवा स्टिकर चिकटवून नंतर ओढणे जास्त घातक. डीव्हीडीत तोच थर दोन चकत्यांच्या मध्ये असल्याने त्याला या बाबतीत थोडे अधिक संरक्षण मिळते. एम-डिस्क या प्रकारात रंगद्रव्याऐवजी खनिजासारखा टिकाऊ थर वापरतात आणि १,००० वर्षांचा दावा करतात. तो दावा उत्पादकाचा आहे, तरी साध्या डिस्कपेक्षा हे तंत्र मुळातच भक्कम आहे, हे मान्य करायला हवे. अडचण दुसरीकडे आहे. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क वाचणारा ड्राइव्हच नसतो, आणि सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले. डिस्क शाबूत आणि वाचणारे यंत्र नाही, अशी वेळ येऊ शकते.

ती वेळ एकदा येऊन गेली आहे. इंग्लंडमधल्या १०८६ सालच्या डूम्सडे बुक या नोंदवहीला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने तशीच नवी नोंद लेझर डिस्कवर केली. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि माहिती सोडवण्यासाठी संशोधकांना खास प्रकल्प हाती घ्यावा लागला. मूळ वही मात्र आजही वाचता येते. मराठीत हाच धोका फॉन्टच्या रूपाने आपल्या दाराशी आहे, आणि त्याकडे फारच कमी लक्ष जाते. युनिकोड रुळण्याआधी तालुक्याच्या गावांतल्या डीटीपी केंद्रांत स्मरणिका, साप्ताहिके, लग्नपत्रिका पेजमेकरमध्ये, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये जुळवल्या गेल्या. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट हरवला की फाइल उघडूनही समोर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. म्हणजे हार्ड डिस्क ठणठणीत, फाइल जशीच्या तशी, आणि मजकूर गेलेला. अशा फाइली आजच पीडीएफमध्ये, फॉन्ट आत बसवून, साठवाव्यात आणि मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणून वेगळा ठेवावा. मूळ फॉन्टचे नाव माहीत असणारा ऑपरेटर अजून गावात आहे, तोवर हे काम सोपे आहे.

मोठ्या संस्था चुंबकीय टेप वापरतात, मग आपणही तीच घ्यावी, असेही सुचवले जाते. टेप खरोखर चांगली आहे: फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या काही खातेदारांची पत्रे पुसली गेली, तेव्हा गूगलने ती टेपवरूनच परत आणली. पण ती वाचण्या-लिहिण्याचे यंत्र लाखांच्या घरात जाते आणि टेपला थंड, कोरडी खोली लागते. घर, शाळा किंवा ग्रंथालयासाठी साधी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्कच परवडते. तिच्यातली चुंबकीय नोंद वीज नसतानाही बराच काळ टिकते, मात्र यांत्रिक भाग अडकू शकतात. म्हणून ती वर्षातून एकदा चालवून पाहावी आणि साधारण पाच वर्षांनी सगळे नव्या डिस्कवर उतरवावे.

‘एवढ्या खटाटोपापेक्षा क्लाउड बरा’ हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण एक प्रत म्हणून क्लाउड खरेच उपयोगी आहे. पण गूगलने डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती हटवण्याचे धोरण लागू केले आहे. खातेदार वारला आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नसला, तर घराण्याची छायाचित्रे या नियमात सापडू शकतात. उलट सगळे एकाच इमारतीत ठेवणेही तितकेच धोक्याचे. २१ जून २०१२ च्या मंत्रालयाच्या आगीने हे सरकारलाही शिकवले. २२ जुलै २०२३ ला शेजारच्या महागाव तालुक्यातले आनंदनगर पुराने वेढले, तिथे हेलिकॉप्टर पाठवावी लागली. उमरखेडची दुसरी प्रत पुसदला ठेवली तर ती पूस नदीच्या काठी, त्याच पैनगंगा खोऱ्यात, त्याच पावसात राहते. ती नागपूरला किंवा पुण्याला असावी.

तेव्हा कोणते साधन सर्वांत विश्वासू, या प्रश्नाचे उत्तर कोणतेच एकटे नाही, असे आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक गावाबाहेर, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम इथेही पुरेसा आहे. दोन वेगळ्या कंपन्यांच्या हार्ड डिस्क आणि निवडक मोलाच्या गोष्टींची एक एम-डिस्क, एवढ्यात निदान त्या निवडक गोष्टींपुरता तो पाळता येतो. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्यातला एक बिटही बदलला तर बदलणारा आकडा, सोबत लिहून ठेवावा, म्हणजे नक्कल करताना काही बिघडले का ते कळते. पाऊस संपून हवा कोरडी झालेली असते, म्हणून दिवाळीच्या आवराआवरीत ही तपासणी करावी. आणि डिस्क कुठे आहे, तिच्यात काय आहे, पासवर्ड काय, हे घरातल्या किंवा संस्थेतल्या आणखी एकाला तरी ठाऊक असू द्यावे. सुरुवात या आठवड्यात कपाटातल्या जुन्या सीडी उतरवून घेण्यापासून करा, कारण त्यांची मुदत सर्वांत आधी संपते.