इ. स. १८५७ : उठाव, विद्यापीठ आणि मराठी भाषा

प्रास्ताविक

इ. स. १८५७ हे वर्ष भारताच्या इतिहासात प्रामुख्याने उठावाचे वर्ष म्हणून ओळखले जाते. तथापि, आधुनिक उच्च शिक्षणाचा पायाही याच वर्षी घातला गेला. या दोन घटनांचा एकत्रित विचार केल्यास त्या काळाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

प्रमुख घटना

८ एप्रिल रोजी बराकपूर येथे मंगल पांडे यांना फाशी देण्यात आले. १० मे रोजी मीरत येथे उठाव झाला आणि दुसऱ्या दिवशी शिपाई दिल्लीत पोहोचले. ३१ जुलै रोजी कोल्हापुरातील २७ व्या पलटणीनेही बंड केले.

१८५४ च्या वुडच्या खलित्यातील शिफारशींनुसार कोलकाता (२४ जानेवारी), मुंबई (१८ जुलै) आणि मद्रास (५ सप्टेंबर) येथे विद्यापीठे स्थापन झाली. म्हणजेच मुंबई विद्यापीठाचा कायदा आणि कोल्हापूरचे बंड यांत केवळ तेरा दिवसांचे अंतर आहे. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेल्या या संस्थांचे आरंभीचे कार्य अध्यापनाचे नव्हे, तर परीक्षा घेण्याचे व पदव्या देण्याचे होते.

मराठीच्या दृष्टीनेही हे वर्ष लक्षणीय ठरते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती आणि विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण करणारी बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी याच वर्षी प्रसिद्ध झाली.

जन्म आणि मृत्यू

मीरतच्या उठावानंतर तीनच दिवसांनी, १३ मे रोजी, अल्मोडा येथे रोनाल्ड रॉस यांचा जन्म झाला. हिवतापाच्या प्रसारातील डासांची भूमिका सिद्ध करणारे संशोधन त्यांनी पुढे भारतातच केले. भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झ (२२ फेब्रुवारी) व भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर (२६ नोव्हेंबर) यांचेही हे जन्मवर्ष होय. समाजशास्त्राला नाव देणारे ऑग्युस्त काँत ५ सप्टेंबर रोजी निवर्तले.

निष्कर्ष

ज्या सत्तेने उठाव मोडून काढला, तिनेच विद्यापीठे स्थापन केली. मुंबई विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. राज्यकारभाराला साहाय्यभूत ठरेल अशा अपेक्षेने दिलेल्या शिक्षणातूनच त्या कारभाराची चिकित्सा करणारा वर्ग निर्माण झाला. मात्र मराठीत कोश व कादंबरी सिद्ध होत असताना विद्यापीठाची भाषा इंग्रजीच राहिली. तेथे मराठीला स्थान मिळावे म्हणून पुढे रानडे यांनाच प्रयत्न करावे लागले. उच्च शिक्षणातील मातृभाषेच्या स्थानाचा प्रश्न अशा रीतीने विद्यापीठाइतकाच जुना आहे.