रात्री गाडी उभी कुठे राहते?

दसऱ्याला, धनत्रयोदशीला, पाडव्याला गाडी घरी आणायची ही आपल्याकडची जुनी चाल. वर्ध्यातल्या शोरूमसमोर हारफुलं घातलेल्या गाड्या उभ्या राहतात, त्यात आता हिरव्या पाटीच्या, म्हणजे विजेवरच्या गाड्याही दिसतात. खासगी असेल तर हिरव्यावर पांढरी अक्षरं, भाड्याची असेल तर पिवळी. गिऱ्हाइकाचे प्रश्न साधारण ठरलेले. पहिला, "एका चार्जात किती जाते?" दुसरा, "बॅटरी गेली तं किती लागतात?" तिसरा बहुधा सोबत आलेल्या मेव्हण्याचा असतो, "अन् लाइन गेली तं?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण चौथा कुणी विचारताना दिसत नाही, तो म्हणजे रात्री गाडी उभी कुठे राहते? स्वतःच्या पोर्चमध्ये मीटरजवळ, की घरमालकाच्या फाटकाबाहेर, की गावातल्या चावडीपुढे? वर्धा जिल्ह्यात इलेक्ट्रिक गाडी कुणाला जमेल आणि कुणाला नाही, याचा निम्मा निकाल माझ्या मते तिथेच लागतो.

पेट्रोल आणायला जावं लागतं, वीज घरी येते. स्कूटर साध्या सॉकेटवर चार-पाच तासांत भरते. कारला १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. त्यातून तासाला तीन-सव्वातीन युनिट मिळतात, म्हणजे ३० युनिटची बॅटरी रिकामी असली तर पुरते दहा तास. रात्री नऊला लावली की सकाळी सातला तयार. ज्याच्याकडे हे सॉकेट आहे त्याला चार्जिंग स्टेशनचं तोंड महिनोन् महिने पाहावं लागत नाही. ज्याच्याकडे नाही त्याला मात्र रोज कुठेतरी ताटकळावं लागतं. सुदैवाने वर्धा हे अजून लेआउटांचं शहर आहे. प्लॉट, कुंपण, समोर तुळस आणि बाजूला गाडी. मुंबईच्या सोसायटीत पार्किंगमध्ये एक वायर ओढायला जी सभा भरवावी लागते ती इथे लागत नाही. अडचण भाडेकरूंची. वरच्या मजल्यावर खोली, खाली स्कूटर आणि घरमालकाचा मीटर. खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड सोडून गाडी चार्ज करणारे पाहिले आहेत. तसं करू नये. तासन् तास भार ओढणाऱ्या वस्तूला ती दहा रुपयांची पिन झेपत नाही, तापून वितळते. घरमालकाशी बोलून सबमीटर बसवून घेणं दोघांनाही बरं.

रोजच्या गाडीचा हिशेब आधी घेऊ, कारण तिथे वाद जवळजवळ संपला आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगी मेघेच्या रुग्णालयात ड्युटीवर जाणाऱ्या सिस्टर, हिंदी विद्यापीठातले कर्मचारी, देवळी-सेलूकडच्या जिल्हा परिषद शाळांतल्या बाई, यांचं रोजचं जाणं-येणं १५ ते ५० किलोमीटरचं. वेळ ठरलेली, रस्ता ठरलेला, संध्याकाळी गाडी घरी. महिन्याला ७५० किलोमीटर धरा. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ देते, पेट्रोल शंभराच्या वर, म्हणजे महिन्याला सतराशे-अठराशे रुपये. इलेक्ट्रिक स्कूटर तेवढ्याच अंतराला साधारण २५ युनिट खाते. युनिटला दहा रुपये धरले तरी अडीचशे. फरक दीड हजाराचा, आणि तो दर महिन्याला.

यात एक खोच आहे, ती विक्रेता सांगत नाही. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. शंभर युनिटांच्या पुढे एक दर, तीनशेच्या पुढे आणखी चढा. विदर्भात एप्रिल ते जून कूलर दिवसरात्र चालतो आणि बिल आधीच वरच्या टप्प्यात गेलेलं असतं. त्यात स्कूटरचे २५ युनिट पडले की ते त्या चढ्या दराने पडतात. हिवाळ्यात जी गाडी फुकटात चालल्यासारखी वाटते ती मे महिन्यात थोडी महाग होते. तरी पेट्रोलच्या जवळपासही जात नाही.

वर्धेकराला इथे एक जुनं नातं आठवावं. ज्या जमनालाल बजाजांमुळे गांधीजी वर्ध्याला आले, त्यांच्याच घराण्याच्या कंपनीने १९७२ साली चेतक स्कूटर काढली आणि २०२० च्या जानेवारीत तेच नाव इलेक्ट्रिक स्कूटरवर लावून परत आणलं. हुंड्यात मागितली जाणारी, तिरकी करून किक मारायची ती चेतक ज्यांनी चालवली, त्यांच्या सुना आता आवाज न करणारी चेतक चालवतात.

स्वस्तात मिळणाऱ्या, लायसन्स न लागणाऱ्या स्कूटरचं मात्र वेगळं आहे. ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग आणि २५० वॉटपर्यंतची मोटर असेल तर नोंदणीही नको आणि लायसन्सही नको, असा नियम आहे. आजोबांना बाजारात जायला, मुलीला ट्यूशनला जायला ती ठीक. पण दोन माणसं बसवून वर्ध्याहून सेवाग्रामला जायला ती घेतली, तर वाटेतल्या चढावर मागच्याला उतरावं लागेल. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी अशी एक गाडी घेतली. वर्षाच्या आत विक्रेत्याने दुकान गुंडाळलं, कंट्रोलर जळाला आणि तो भाग कुठेच मिळेना. गाडी आता अंगणात आहे, तिच्यावर पापड वाळतात.

आता ऊन. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, काही दिवस राज्यातलं सर्वांत तापलेलं गाव म्हणून आपलं नाव पेपरात येतं. लिथियमच्या बॅटरीला माणसासारखंच पंचवीस-तीस अंश मानवतात. उन्हाने एका दिवसात तिचं काही बिघडत नाही. पण तापलेल्या अवस्थेत वारंवार पूर्ण भरणं आणि भरलेली गाडी भर उन्हात तासन् तास उभी ठेवणं, यांनी तिचं आयुष्य हळूहळू कमी होतं. बहुतेक कारमध्ये बॅटरी थंड ठेवायला द्रव खेळवलेला असतो, स्कूटरमध्ये वाऱ्यावरच भागवतात. त्यामुळे दुपारी दोनला शाळेतून आल्या आल्या स्कूटर चार्जिंगला लावू नये. तासभर सावलीत निवू द्यावी, किंवा सरळ रात्री लावावी. बॅटरीतल्या रसायनाचाही प्रश्न असतो. एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटची बॅटरी वजनाने जड, पण उष्णतेला जास्त खंबीर. विदर्भात गाडी घेताना रंगाआधी हे विचारावं. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात स्कूटर पेटल्याच्या घटना घडल्या, त्यानंतर डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत बॅटरीच्या चाचण्या कडक झाल्या. त्याआधीची गाडी सेकंडहँड घेताना हे लक्षात असू द्यावं.

लाइन गेली तं? शहरात दोन-तीन तास गेली तर काही बिघडत नाही, रात्र मोठी असते. खरी कटकट अर्थिंगची. जुन्या घरांत अर्थिंग म्हणजे अंगणातला खड्डा, त्यात मीठ-कोळसा घालून पुरलेली पट्टी. उन्हाळ्यात माती सुकते, अर्थिंग मिळत नाही, आणि चार्जरवर लाल दिवा लुकलुकत राहतो. माणसं कंपनीला फोन लावतात. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं की बऱ्याचदा दिवा हिरवा होतो. पुढच्या उन्हाळ्याआधी मात्र वायरमन बोलावून पट्टी नवी घालून घ्यावी.

गावाकडे गेलं की हिशेब बदलतो. समुद्रपूर किंवा आष्टी तालुक्यातल्या शेतकऱ्याची गाडी ही सवारी नाही, ते अवजार आहे. मागे युरियाचं ४५ किलोचं पोतं, पुढे फवारणीचा पंप, हँडलला डबा. आणि रस्ता म्हणजे पांदण. जुलै-ऑगस्टमध्ये काळी माती चाकाला अशी धरते की चाक आणि मडगार्ड यांच्यात गोळा अडकून गाडी जागच्या जागी थिजते. शंभर सीसीच्या मोटरसायकलचं चाक मोठं, त्यामुळे ती धक्का मारून निघते. स्कूटरच्या लहान चाकांचा तिथे निभाव लागत नाही, मग ती पेट्रोलची असो की विजेची. इलेक्ट्रिक मोटरसायकली बाजारात आहेत, रिव्होल्टची तर २०१९ पासून आहे. पण गावच्या मेकॅनिककडे तिचं काम होत नाही. आणि पेट्रोल संपलं तर गावातल्या किराणा दुकानात बाटलीत भरलेलं मिळतं. कायद्यात बसत नसलं तरी मिळतं. वीज बाटलीत मिळत नाही. रात्री दवाखान्यात न्यायचं माणूस घरात असलं की हा फरक फार मोठा होतो.

शेतकऱ्याच्या मनात बॅटरीविषयी जो संशय आहे, तो अडाणीपणातून आलेला नाही. गेल्या काही वर्षांत घरोघरी चार्जिंगचा फवारणी पंप आला. पहिल्या हंगामात तो एका चार्जात दहा-पंधरा टाक्या मारतो, दुसऱ्या हंगामात निम्म्या, तिसऱ्यात बॅटरी बसते. पाठीवर पंप घेऊन कपाशीच्या मधोमध उभं राहिल्यावर तो बंद पडला की माणूस ते विसरत नाही. "गाडीचंही असंच व्हईन" हा तर्क तिथून येतो. फरक इतकाच की स्वस्त पंपात बहुधा शिशाची बॅटरी असते, ती पूर्ण उतरवत राहिलं की लवकर मरते. गाडीत लिथियम असते आणि तिच्यावर नजर ठेवणारं सर्किट असतं. कारच्या बॅटरीला आता बहुतेक कंपन्या आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. स्कूटरच्या हमीत कंपनीगणिक फरक आहे, तो कागद नीट वाचावा.

ई-रिक्षांची गोष्ट मात्र पंपासारखीच आहे. स्टेशन ते बजाज चौक धावणाऱ्या अनेक जुन्या रिक्षांत शिशाच्याच बॅटऱ्या, आणि त्या बदलायची वेळ आली की रिक्षावाल्याची वर्षभराची बचत जाते.

कारकडे येऊ. वर्ध्याहून नागपूर साधारण ७५ किलोमीटर, आणि इथे रोज अप-डाऊन करणाऱ्यांची एक जमातच आहे. बहुतेक रेल्वेने जातात, ते शहाणपणाचंच. जे कारने जातात त्यांच्यासाठी जाऊन-येऊन १५० किलोमीटर म्हणजे ३० युनिटच्या बॅटरीत आरामात. जाहिरातीत ३०० लिहिलेलं असतं, एसी लावून प्रत्यक्षात २०० ते २२० धरावेत. घरच्या विजेवर किलोमीटरला दीड-दोन रुपये, पेट्रोल कारला सहा-साडेसहा. रोज दीडशे धावणाऱ्याला गाडीची जादा किंमत काही वर्षांत वसूल होते. आठवड्यातून दोनदा भाजी आणायला कार काढणाऱ्याला होणार नाही. त्याने उगाच पर्यावरणाचं नाव पुढे करू नये.

समृद्धी महामार्गावर आणखी वेगळं. सेलू, वर्धा, आर्वी तालुक्यांतून तो जातो, येळाकेळी आणि विरूळला चढता येतं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा अख्खा रस्ता. दुचाकीला तिथे बंदीच आहे. कारला १२० ची मुभा आहे आणि इलेक्ट्रिक कारची गोम तिथेच आहे. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ने जी गाडी २२० किलोमीटर जाते ती ११५-१२० ने दीडशेत थकते. शिवाय फास्ट चार्जरवर युनिटचा दर घरच्यापेक्षा दीड-दोन पट. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू इथे इलेक्ट्रिक कार आणि बसना टोलमाफी ठरली आहे, महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचंही त्यात आहे. तरी वर्षातून एकदा शिर्डीला जाण्यासाठी मोठ्या बॅटरीचे तीन-चार लाख जास्त मोजण्यापेक्षा लहान बॅटरीची गाडी घ्यावी आणि शिर्डीला ट्रॅव्हल्सने जावं.

रविवारच्या भटकंतीला मात्र आपला जिल्हा या गाडीच्या मापाचा आहे. पवनार हाकेवर, धाम धरणाचं महाकाळी थोडं पुढे, गिरडची टेकडी आणि शेख फरीदबाबांचा दर्गा साठेक किलोमीटरवर. परत येईपर्यंत बॅटरी निम्मी उरलेली असते. काही कारमधून बाहेर वीजही घेता येते. २०२३ च्या नव्या नेक्सॉन ईव्हीत ही सोय आहे. धरणाच्या काठावर डब्बापार्टीला मिक्सर, पंखा, रात्री दिवा, सगळं त्यावर चालतं, आणि जनरेटरची घरघर नाही. ओढा मात्र जपून ओलांडावा. बॅटरी आयपी ६७ दर्जाची असते, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी झालेली. पण पुराच्या पाण्यात गाडी बॅटरी भिजल्याने वाहत नाही, पाण्याच्या जोराने वाहते.

बोर व्याघ्र प्रकल्प तर वर्ध्याहून तासाभरावर. २०१४ साली त्याला हा दर्जा मिळाला, गाभा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. सफारीत गाइड मधेच जिप्सीचं इंजिन बंद करायला सांगतो. मग कळतं की आतापर्यंत आपण काहीच ऐकत नव्हतो. दूरवर चितळाचा इशारा, झाडावर वानराची खेकसल्यासारखी साद, आणि पानांवर काहीतरी चालल्याचा आवाज. सफारीच्या गाड्या विजेच्या कराव्यात असं मला अगदी मनापासून वाटतं. वेग कमी, अंतर कमी, गाडी रात्री गेटवर उभी. याहून सोपं काम या गाडीला कोणतं असेल?

धुराचं म्हणाल तर तो नाहीसा होत नाही, जागा बदलतो. आपली बरीचशी वीज चंद्रपूर आणि कोराडीच्या कोळशावर होते. पेट्रोलचं इंजिन इंधनातली पाव-एक ऊर्जा चाकापर्यंत नेतं, विजेची मोटर हाती आलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे कोळशाची वीज धरूनही गाडी पेट्रोलपेक्षा बरी ठरते, पण चंद्रपूरकरांच्या छातीला विचारून मग तिला स्वच्छ म्हणावं. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम केलेल्या जे. सी. कुमारप्पांनी 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या १९४५ च्या पुस्तकात कोळसा-पेट्रोलसारख्या संपणाऱ्या साठ्यांवर उभ्या राहणाऱ्या अर्थकारणाविषयी सावध केलं होतं. वर्ध्यात त्याला हाताशी असलेलं उत्तर छपरावर आहे. एक किलोवॉटचं सोलर दिवसाला चारेक युनिट देतं आणि स्कूटरला ३० किलोमीटरसाठी एकच युनिट लागतं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. दिवसा गाडी ऑफिसात असते हा आक्षेप नेट मीटरिंगने सुटतो. दुपारी वीज महावितरणला दिली, रात्री परत घेतली.

राहिला ट्रॅक्टर. राज्याच्या त्याच धोरणात इलेक्ट्रिक ट्रॅक्टरही आहे, आणि सोनालिकाने २०२० च्या डिसेंबरमध्ये २५.५ युनिटच्या बॅटरीचा ट्रॅक्टर दाखवलाही. गोठ्यातला चारा, संत्र्याच्या बागेतली फवारणी, रिकामी-भरलेली ट्रॉली इतक्यापुरता तो चालेल. पण रोटाव्हेटर लावून काळ्या मातीत उतरला की काही तासांतच बॅटरी रिकामी होईल. मृगाच्या तोंडावर, पावसाआधीच्या चार दिवसांत, एकेक ट्रॅक्टर पंचक्रोशीत दिवसरात्र फिरतो, ड्रायव्हर पाळीपाळीने झोपतात. त्या चार दिवसांत दहा तास चार्जिंगला उभा राहणारा ट्रॅक्टर भाड्याने कोण घेईल? तिथे डिझेल अजून बरीच वर्षं राहणार.