ऑफेलिमिटी : फायदा वेगळा, तलफ वेगळी

अर्थशास्त्रात 'उपयोगिता' शिकवताना मुलं हमखास विचारतात, "गुटख्याचा कसला आलाय उपयोग?" प्रश्न रास्त आहे. इटालियन अर्थतज्ज्ञ विल्फ्रेडो परेटो यांनाही हाच शब्द खटकला. म्हणून १८९६ साली त्यांनी ग्रीक शब्दावरून 'ऑफेलिमिटी' हा नवा शब्द घडवला. अर्थ साधा आहे : वस्तू हिताची असो वा नसो, माणसाची इच्छा भागवण्याचा तिचा गुण. त्यांनी उदाहरण दिलं मॉर्फिनचं. व्यसनी माणसाला ते घातकच, पण त्याची तलफ भागते. कडू औषधाचं उलट : हिताचं, पण मुलाला नकोसं.

उर्दूत आपण 'फायदा' आणि 'तलब' वेगळे ठेवतो, मराठीत 'हित' आणि 'तलफ'. फरक तोच.

परेटोंचा शब्द फारसा रुजला नाही. पुस्तकांत 'उपयोगिता'च राहिली. पण मुद्दा आजही कामाचा आहे. बाजारातली मागणी लोकांना काय हवंय ते सांगते, त्यात त्यांचं भलं आहे की नाही ते सांगत नाही. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, ती याच फरकावर उभी आहे. दुकानात हात पुढे करण्याआधी आपणही स्वतःला विचारूया : ही गरज आहे की नुसती तलफ?